दगडातला कित्ता

पाटीवरच्या पहिल्याच अक्षरात एक रेघ कमी आहे. भाचीनं बोट दाखवलं म्हणून कळलं, एरवी माझ्या ते लक्षातही आलं नसतं. चीनमधल्या शिआन शहरात 'बेइलिन' नावाचं संग्रहालय आहे. 'बेइ' म्हणजे कोरीव लेखाची उभी शिला आणि 'लिन' म्हणजे वन. त्याच्या आवारातल्या जुन्या मंडपावर ही दोन अक्षरं झळकतात. 'बेइ'च्या उजव्या अंगाला, डोक्यावर, एक छोटा तिरका फटकारा हवा. तो नाही.

ही अक्षरं लिन त्सेश्यू यांच्या हातची असं सांगतात. १८३९मध्ये इंग्रज व्यापाऱ्यांची अफू जप्त करून नष्ट करणारा हा अधिकारी. माळव्याची अफू मुंबई बंदरातून तिकडे जात असे, तेव्हा त्या प्रकरणाचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. पुढे युद्ध पेटलं आणि सम्राटानं लिन यांनाच दोषी धरून पार पश्चिमेला, शिनजियांगला हद्दपार केलं. शिआन त्या वाटेवरचं गाव. आपल्या डोक्यावरची अधिकारपदाची टोपी गेली म्हणून त्यांनी अक्षराच्याही डोक्यावरचं काढून ठेवलं, अशी आख्यायिका आहे. जाणकारांना ती पटत नाही, कारण फार जुन्या शिलांवर हे अक्षर त्या फटकाऱ्यावाचूनही कोरलेलं सापडतं. मला मात्र त्या गोष्टीतली एक बाब मोलाची वाटली. एका माणसाचं दुःख एका रेघेत वाचायला तयार असलेली माणसं या गावात दीडशेहून अधिक वर्षं राहतात.

मी अक्षराच्या घरात वाढले. वडील शाळामास्तर. बोरू तासायचा त्यांचा चाकू वेगळा होता, त्यानं दुसरं काही कापायची आम्हाला परवानगी नव्हती. टोक तिरकं छाटून, शाईत बुडवून ते दुरेघी वहीच्या पहिल्या ओळीत एक वाक्य लिहीत. खालच्या ओळी आम्ही भावंडांनी भरायच्या. तो कित्ता. वडिलांच्या हातचं लेखन आता घरात फारसं उरलेलं नाही, पण माझ्या थोरल्या भावाचा 'ळ' अजून त्यांचाच आहे.

२०१९च्या ऑक्टोबरात मी शिआनला गेले ती बहिणीच्या मुलीकडे. ती तिथल्या विद्यापीठात चिनी शिकत होती. शिआनला येणारा प्रवासी मातीचे सैनिक बघायला येतो, मीही गेले. ते भव्य आहेत, त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहून झालेलं आहे. त्यांना एक दिवस दिला आणि बेइलिनला तीन. "मावशी, तिथे नुसते दगड आहेत हं," असं भाचीनं आधीच बजावलं होतं.

मेट्रोच्या दोन नंबरच्या मार्गावर योंगनिंगमन नावाचं स्थानक आहे, तिथे उतरायचं. समोरच शहराचा दक्षिण दरवाजा. शिआनचा तट मिंग राजवटीतला, चौदाव्या शतकातला. पावणेचौदा किलोमीटरचा त्याचा फेर आजही अखंड उभा आहे. तटाच्या आतल्या अंगानं पूर्वेकडे शूयुआनमन ही गल्ली निघते. संग्रहालयाआधी ही गल्ली पाहिलीच पाहिजे, कारण आत ज्याचे दगड झालेले आहेत ते सगळं इथे ओलं आणि वाहतं आहे. दुकानांच्या दारात कुंचले टांगलेले: मिशीच्या केसाएवढ्या टोकापासून केरसुणीएवढ्या जाडीपर्यंत. बकरीच्या केसांचे मऊ, विझल नावाच्या एका चिमुकल्या जनावराच्या शेपटीचे ताठ. कागदाचे तावच्या ताव. शाईच्या कांड्या. आणि शाई उगाळायचे दगड, ज्यांच्यापाशी मी थबकलेच. आपल्या देवघरातली सहाण डोळ्यांपुढे आणा. तिच्यावर थेंबभर पाणी घेऊन चंदनाचं खोड जसं गोल गोल फिरवतो, तशीच काजळी आणि सरसाची ती कांडी फिरवायची. दुकानदारीण उगाळून दाखवत होती. हात अजिबात घाई करत नव्हता. लिहायला बसण्याआधी मन थाऱ्यावर यावं म्हणून ही उगाळणी असते, असं तिचं म्हणणं भाचीनं मला सांगितलं. आमच्या घरी पूजेच्या आधी आजी तेवढीच सावकाश गंध उगाळायची.

याच गल्लीच्या टोकाला संग्रहालयाचं आवार लागतं. ते मूळचं कन्फ्यूशियसचं मंदिर. म्हाताऱ्या सायप्रस वृक्षांची सावली, लाल भिंती, आणि उजेड बेताचाच असलेली दालनं.

कहाणी सुरू होते ती ८३७ साली. तेव्हा या शहराचं नाव छांगआन आणि थांग घराण्याची ही राजधानी. छपाई अजून अभिजात ग्रंथांपर्यंत पोचलेली नव्हती. विद्यार्थी हातानं नकला करत, नकलेची नक्कल होताना चुका शिरत, आणि परीक्षेला तर सगळ्यांना एकच पाठ हवा. म्हणून सम्राट वनत्सोंगच्या काळात बारा अभिजात ग्रंथ दगडावर कोरून राजधानीच्या विद्यापीठात उभे केले. ११४ शिला, दोन्ही बाजूंनी कोरलेल्या, मिळून साडेसहा लाख अक्षरं. ज्याला शंका येईल त्यानं यावं आणि दगडाशी ताडून पाहावं. पुढे ९३२मध्ये सरकारनं हे ग्रंथ लाकडी ठशांनी छापायला घेतले, तेव्हा मूळ पाठ म्हणून याच शिला धरल्या. पण त्याआधीच थांग घराण्याचा अंत जवळ आला होता, उजाड राजधानी आक्रसून तिचा तट आत घेतला गेला, आणि विद्यापीठाची जागा तटाबाहेर पडली. ग्रंथांच्या शिला रानात उघड्यावर उभ्या राहिल्या. त्यांना टप्प्याटप्प्यानं शहरात आणलं गेलं. १०८७ साली ल्यू दाझोंग या अधिकाऱ्यानं आजच्या जागी त्या रांगेनं मांडल्या, तेव्हापासून या संग्रहालयाचं वय मोजतात.

पहिल्या दालनात या शिला दोन्ही अंगांना भिंतींसारख्या उभ्या आहेत. पुस्तकात चालत गेल्यासारखं वाटतं. माझ्या डोळ्याला अर्थ लागत नव्हता, त्यामुळे नजर फक्त वळणावर राहिली. अक्षरं फार मोठी नाहीत, बोटाच्या पेराएवढी. एकेका चौकोनात एकेक बसवलेलं. पहिल्या शिलेपाशी एक रेघ नीट पाहून ठेवली आणि शेवटच्या शिलेपाशी जाऊन तशीच शोधली. तीच जाडी, तोच झोक. समर्थांच्या 'दासबोधा'तल्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. ग्रंथ संपेपर्यंत पहिल्या अक्षरासारखंच शेवटचं अक्षर यावं, सगळं एकाच टाकानं लिहिल्यासारखं दिसावं, अशी अपेक्षा त्यांनी तिथे मांडली आहे. वडील आम्हाला तो समास वाचायला लावत. साडेसहा लाख अक्षरं एकट्यानं लिहिणं शक्यच नाही. तीही अनेकांनी मिळून लिहिली. तरी अनेक हात एका हातासारखे चालले.

शिलांवरून आडव्यातिडव्या भेगा गेलेल्या दिसतात. १५५६च्या जानेवारीत या प्रांतात महाभयंकर भूकंप झाला, आठ लाखांवर माणसं गेल्याची नोंद आहे. शिला कोसळल्या, कित्येक मधोमध मोडल्या. १५८८मध्ये त्या सांधून उभ्या केल्या, आणि जी अक्षरं फुटून गेली ती लहान लहान दगडांवर नव्यानं कोरून शेजारी लावली. हे मला फार मनापासून आवडलं. मूळ शिलेवर लिंपण घालून, वर नवी अक्षरं कोरून कुणी जुनेपणाचा देखावा केला नाही. गेलं ते गेलं असं दिसू दिलं आणि पाठ मात्र पुरा केला. आपल्याकडे जुन्या देवळांच्या शिलालेखांवर ऑइलपेंटचे हात बसलेले मी गावोगाव पाहिले आहेत. तेव्हा वाईट वाटतं ते याचंच.

दुसरं दालन म्हणजे बेइलिनचा गाभारा. ज्यांची अक्षरं आजही चीन, जपान आणि कोरियातली मुलं गिरवतात, त्यांच्या शिला इथे आहेत. ओउयांग शुन, यान झेनचिंग, लिऊ गोंगछ्युआन. मोलाच्या शिलांना काच लावली आहे. काचेत आपलंच तोंड दिसतं, म्हणून बाजूला सरकून तिरक्या नजरेनं पाहावं लागतं. तसं पाहिलं की दगडाची खोली कळते आणि रेघ उचलून येते.

यान झेनचिंग यांच्या शिलांपुढे मी पहिल्या दिवशी दोन तास काढले. त्यांचं आयुष्य ७०९ ते ७८५ असं. इथे त्यांच्या वेगवेगळ्या वयांतल्या शिला आहेत, म्हणजे एकाच माणसाचं अक्षर वाढत्या वयात कसं बदललं ते चालत चालत पाहता येतं. 'दुओबाओ' स्तूपाची शिला ७५२ची, त्यांच्या चाळिशीतली. हुशार विद्यार्थ्याच्या वहीसारखी आहे: अक्षर आटोपशीर, कोपरे धारदार, कुठे ढिलाई नाही. शाळेत सुरुवातीला बहुधा हीच गिरवायला देतात. तीन वर्षांनी आन लुशानचं बंड झालं. यान यांनी राजनिष्ठ राहून सैन्य उभारलं. त्यांचा चुलतभाऊ आणि तरुण पुतण्या बंडखोरांच्या हातून मारले गेले. नंतर ७८०मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी वडिलांच्या स्मरणार्थ घराण्याच्या देवळासाठी जी शिला लिहिली, तीही इथे आहे. जवळ जाऊन पाहा. आडवी रेघ बारीक, उभी रेघ जाड. दोन उभ्या रेघा बाहेरच्या अंगाला किंचित फुगलेल्या, ओझं उचलणाऱ्या माणसानं पाय फाकून उभं राहावं तशा. उजवीकडे उतरणारा शेवटचा फराटा जाड होत जातो, टोकापाशी क्षणभर थांबतो, मग त्यातून एक अणकुचीदार टोक निसटतं. चिनी लोक त्याला पाकोळीची शेपटी म्हणतात. चौकोनात रिकामी जागा जवळजवळ नाहीच. नटवेपणा सगळा गळून गेला आहे. ही शिला लिहिल्यावर पाच वर्षांनी दुसऱ्या एका बंडखोरानं त्यांना कैदेत मारलं. शत्रूला सामील व्हायला त्यांनी नकार दिला होता.

चीनमध्ये अक्षरावरून माणूस ओळखतात, आणि या मताला सगळ्यात मोठा आधार यान यांचाच दिला जातो. सुंदर अक्षराचे लबाड लोकही जगात पुष्कळ झाले, त्यामुळे मी एरवी हे मानत नाही. पण त्या शिलेपुढे उभी असताना मला वाद घालावासा वाटला नाही.

त्यांचीच आणखी एक शिला, पणजोबांसाठी लिहिलेली, कित्येक शतकं जमिनीखाली होती. १९२२मध्ये शिआनमध्येच ती उकरताना सापडली. तिची अक्षरं काल कोरल्यासारखी कोरी आहेत. पुरलेली राहिली म्हणून वाचली. वर उभ्या राहिलेल्या शिला मात्र झिजल्या, आणि त्या ऊनपावसाइतक्याच कौतुकानंही झिजल्या. ते कसं, हे कळायला ठसा घेताना पाहायला हवं.

दालनांतून हिंडताना कुठून तरी टप् टप् टप् असा आवाज येत होता. एका बाजूला निळा अंगरखा घातलेला कारागीर ठसा काढत होता, बहुतेक एका नकली शिलेवरून. त्यानं पातळ, चिवट कागद ओला करून दगडावर पसरला. पाण्यात एका कंदाचा चिकट अर्क मिसळलेला असतो, त्यानं कागद दगडाला धरून राहतो. मग केसांच्या ब्रशनं हलकेच ठोकत कागद अक्षरांच्या खाचांत बसवला. ठोका कमी पडला तर खाच उमटत नाही, जास्त झाला तर कागद फाटतो. पुढे तो थांबला. कागद सुकत आला पण पुरता सुकला नाही, असा एक नेमका क्षण असतो. तळहाताच्या मागच्या बाजूनं चाचपून त्यानं तो ओळखला. आमच्याकडे पापड लाटायच्या पिठाचा अंदाज बायका असाच हाताच्या स्पर्शावरून घेतात. त्यानंतर रेशमी कापडाच्या दोन पुरचुंड्या, आत कापूस. एकीला शाई लावायची, दुसरीवर घासून ती सारखी करायची, आणि कागदावर टपटपत न्यायची. उंचवटा काळा होतो, खाच पांढरी राहते. त्यानं कागद सोलून हवेत धरला: काळ्याभोर पानावर पांढरी अक्षरं, सुलट. छपाईतल्यासारखी उलटी नाहीत, कारण शाई कागदाच्या वरच्या बाजूला लागते.

आपले पुराभिलेखज्ञही शिलालेखांचे ठसे साधारण याच रीतीनं घेतात. पण आपण ठसा घेतो तो मजकुरासाठी: कुठल्या राजानं कुणाला काय दान दिलं, शक कोणता. इथे मजकूर केव्हाच पाठ झालेला असतो. ठसा हवा असतो वळणासाठी. शेकडो वर्षं गावोगावच्या विद्यार्थ्यांनी याच कागदांवरून अक्षर शिकून घेतलं. आणि प्रत्येक ठशागणिक, प्रत्येक टपटपीगणिक दगड कणभर झिजला, शाई मुरून काळाभोर झाला. त्यामुळे जितका जुना ठसा तितका तो मोलाचा. जाणकार ठशाचं वय ठरवतात ते फुटलेल्या अक्षरांवरून. तिसऱ्या दालनात 'त्साओ छ्युआन'ची इसवी सन १८५मधली शिला आहे. आडवी, पसरट, नाचरी वळणं. मिंग काळात ती जमिनीतून निघाली. तिच्या ठशांत एक ठरावीक अक्षर, 'यिन', शाबूत असेल तर तो ठसा अगदी आरंभीचा. ते दुखावलेलं असेल तर नंतरचा. दुसरं एक अक्षर बिघडलेलं असेल तर त्याहूनही नंतरचा. म्हणजे मूळ दगडाहून त्याचा जुना कागद अधिक खरा. संग्रहालयात उभं राहून हे पचवायला मला जरा वेळ लागला.

आणि मग दुसऱ्या दालनातली ती शिला, जिच्यासाठी मी दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही परत गेले.

युआन श्वांग आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत आहे. जुन्या पुस्तकांत ह्युएनत्संग. हा भिक्षू याच शहरातून निघाला, भारतभर हिंडला, सातव्या शतकात महाराष्ट्रातही आला. तेव्हा दुसरा पुलकेशी राज्यावर होता. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, अशा आशयाचं त्यानं आपल्याबद्दल लिहून ठेवलं. त्यानं वर्णन केलेला डोंगरातला विहार म्हणजे अजिंठाच, असं अभ्यासक मानतात. ६४५मध्ये तो ६५७ ग्रंथ घेऊन छांगआनला परतला आणि भाषांतराला बसला. ६४८ साली सम्राट थायत्सोंगनं त्या भाषांतरांना प्रस्तावना लिहून दिली. ती दगडावर कोरायची असं ठरलं. पण हात कुणाचा?

ह्वायरेन नावाच्या भिक्षूनं ठरवलं, हात वांग शीझी यांचा. अडचण एकच. वांग शीझी यांना जाऊन तीनशे वर्षं होत आली होती. चिनी अक्षरकलेतला हा सगळ्यात मोठा माणूस, चौथ्या शतकातला. सम्राट थायत्सोंगला त्यांच्या अक्षराचं वेड होतं, देशभरातून त्यांची पत्रं त्यानं गोळा करवली होती. ह्वायरेन त्या पत्रांतून एकेक अक्षर शोधत बसला. प्रस्तावनेतला एक शब्द या पत्रात, दुसरा त्या पत्रात. लहान असेल ते मोठं करायचं, मोठं असेल ते लहान. जे सापडलंच नाही ते दोन अक्षरांचे अवयव जुळवून घडवायचं. एका अक्षरासाठी हजार सुवर्णनाणी देऊ केली होती, अशीही दंतकथा आहे. असं करत सुमारे पंचवीस वर्षं गेली. ६७२मध्ये शिला उभी राहिली तेव्हा युआन श्वांगला जाऊन आठ वर्षं झाली होती.

शिलेच्या माथ्यावर सात बुद्ध कोरलेले आहेत. खाली तीस ओळी, एकोणीसशेच्या वर अक्षरं. मधून एक तिरकी भेग. अक्षर धावतं आहे, पण तोल सुटत नाही: एक रेघ संपताना पुढच्या रेघेच्या दिशेनं नुसती नजर टाकते, कधी बारीक धाग्यानं जोडली जाते. भाचीनं मला 'झी' हे अक्षर शिकवलं. आपल्या 'चा-ची-चे'सारखं काम करणारं, म्हणून मजकुरात सारखं येणारं. ठिपका धरून तीनच रेघा. मी शिलेवर तेवढंच शोधत गेले. कुठे ते बसकं होतं, कुठे मान उंचावलेलं, कुठे नदीतल्या होडीसारखं आडवं वाहिलेलं. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या मनःस्थितीत लिहिलेल्या पत्रांतून ती आलेली असणार. या शिलेत ओळीचा प्रवाह नाही, अक्षरं सुटी सुटी उभी आहेत, असं टीकाकार म्हणतात, आणि नीट पाहिलं तर ते खरं आहे. कुणाच्या तरी पत्रांतले शब्द कातरून त्यातून नवं पत्र जुळवलं तर दुसरं काय होणार? पण मला त्या सुटेपणातच ह्वायरेनची पंचवीस वर्षं दिसली.

आणखी एक गोष्ट कळली तेव्हा मी शिलेपुढच्या बाकावर बसूनच राहिले. वांग शीझी यांच्या स्वतःच्या हातचा कागदाचा एकही कपटा आज जगात उरलेला नाही. आहेत त्या नकला, त्यांच्यावर कागद ठेवून केलेली गिरवणी, आणि असले दगड. सोळाशे वर्षं एक आख्खी संस्कृती ज्या हाताला गुरू मानते, तो हात आज जिवंत असलेल्या कुणीच पाहिलेला नाही. गिरवणाऱ्यांनी तो जिवंत ठेवला. मला भावाचा 'ळ' आठवला.

शिलेच्या शेवटाकडे युआन श्वांगनं भाषांतरित केलेलं प्रज्ञापारमितेचं हृदयसूत्र आहे. सगळं सूत्र चिनीत आणलं तरी शेवटचा मंत्र त्यानं भाषांतरित केला नाही. संस्कृत उच्चार जमेल तसे चिनी अक्षरांत बसवले. भाचीनं एकेका अक्षरावर बोट फिरवत, काचेच्या अलीकडूनच, ते चिनी उच्चारात वाचलं: जिएदी, जिएदी. मी म्हटलं, "गते, गते." तिनं माझ्याकडे पाहिलं. चार महिने तिच्या अभ्यासक्रमात हे सूत्र होतं, पण संस्कृत तिनं शाळेतच सोडलेलं. आम्ही दोघींनी मिळून उरलेला मंत्र दोन्ही उच्चारांत वाचून काढला. मागे उभं असलेलं एक वयस्क जोडपं हात जोडून ऐकत होतं.

त्याच दालनात ७८१ची आणखी एक प्रसिद्ध शिला आहे. पश्चिम आशियातून चीनमध्ये आलेल्या ख्रिस्ती पंथाची हकीकत सांगणारी. तिच्या तळाशी आणि कडांवर सीरियाक भाषेत नावं आहेत. केरळातल्या जुन्या ख्रिस्ती मंडळींच्या प्रार्थनेत अजून चालते ती ही भाषा. १९०७मध्ये एका डॅनिश माणसानं ही शिला देशाबाहेर न्यायचा घाट घातला, ते जमलं नाही आणि त्याला नक्कल घेऊन जावं लागलं. दगडी घोड्यांचं नशीब मात्र तसं नव्हतं. थायत्सोंगच्या समाधीवरचे मूळ सहा घोडे, त्यांतले चार बेइलिनमध्ये आणि दोन आज फिलाडेल्फियात आहेत.

तिसऱ्या दालनातलं झांग शू यांचं पोटदुखीचं पत्र पाहिल्याशिवाय मात्र निघू नये. आठव्या शतकातले झांग शू धावत्या, बेभान अक्षरासाठी प्रसिद्ध. दारू पिऊन, ओरडत, कधी केसच शाईत बुडवून ते लिहीत असं सांगतात. शिलेवर सहाच ओळी आहेत. मजकूर असा की अचानक पोट दुखायला लागलं, सोसवत नाही, रेवाचिनीचा काढा घेतला तर बरं वाटेल. इतकंच. पहिली दोनचार अक्षरं शहाण्यासारखी सुटी आहेत, मग शाई न भरता कुंचला एका दमात खाली घसरत जातो, अक्षरात अक्षर गुंततं, रेघ बारीक होत होत तुटायला येते. कळ येऊन गेलेली दिसते. बाराशे वर्षांपूर्वीची कुणाची तरी पोटदुखी एवढ्या आदरानं दगडावर उतरवून ठेवलेली मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

जाणाऱ्यांसाठी एवढंच सांगते. पासपोर्ट बरोबर ठेवावा, तिकिटाला लागतो. सकाळी उघडताच आत जावं, दहानंतर गटच्या गट येतात. चिनी वाचणारं कुणी सोबत असेल तर उत्तम. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिकडे राष्ट्रीय सुट्टी असते, तेव्हा जाऊ नये. पुढची दालनं चिंग काळातल्या शिलांची आणि चित्रांची आहेत, तिथे बांबूच्या पानांत कविता लपवलेली एक शिला गर्दी खेचते. मी ती भरभर पाहिली.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही तटाबाहेरच्या बागेत गेलो. तट आणि खंदक यांच्यामधली ही चिंचोळी बाग शहराभोवती फिरते. सत्तरीच्या पुढचे एक आजोबा फरशीवर लिहीत होते. हातात कंबरेएवढ्या काठीला लावलेला स्पंजाचा कुंचला, शेजारी पाण्याची बादली. शाई नाही, नुसतं पाणी. एकेका फरशीत एकेक अक्षर, मागे मागे सरकत. दहावं अक्षर लिहीपर्यंत पहिलं वाळून जात होतं. उजवीकडे उतरणारा फराटा टोकापाशी थांबला, आणि त्यातून पाकोळीची शेपटी निसटली. "यान झेनचिंग," मी म्हटलं. माझा उच्चार कसाही असो, त्यांना तो कळला. त्यांनी काठी माझ्या हातात दिली.

मी 'श्री' लिहिला. वडिलांनी पाटीवर काढून दिला होता तसा: आधी डावीकडची गाठ, मग उभा दंड, खालचा तिरका फाटा, वेलांटी, आणि सगळ्यात शेवटी वरची शिरोरेघ. स्पंज मऊ होता, माझा दंड थरथरला. आजोबांनी तो निरखून पाहिला, काठी परत घेतली आणि शेजारच्या फरशीवर तोच काढायला घेतला. त्यांनी आरंभ शिरोरेघेपासून केला. चिनी अक्षराचा नियम तसाच आहे, आडवं आधी आणि उभं नंतर, वरून खाली. वेलांटीपाशी ते अडले. मान वळवून माझ्या 'श्री'कडे पाहिलं, तर त्याचा अर्धा भाग वाळलेला. मी वाकून बोट बादलीत बुडवलं आणि त्यांच्या दंडाच्या डोक्यावर वेलांटी कशी वळते ते काढून दाखवलं.

त्यांनी ती तीन वेळा गिरवली.